दूरचित्रवाणीला ऑनलाइन पर्याय : स्वविकास आणि उद्योजकतेची नवी साधने

घरबसल्या नवे कौशल्य शिकणे, अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करणे किंवा लहानसा व्यवसाय उभा करणे यासाठी एकेकाळी दूरचित्रवाणी हेच सर्वसामान्यांच्या आवाक्यातील दृश्य माध्यम होते. आज त्या जोडीला इंटरनेटवरील विनामूल्य अभ्यासक्रम, चित्रफितींचे संग्रह, शासकीय संकेतस्थळे आणि विक्रीची खुली व्यासपीठे उपलब्ध झाली आहेत. मात्र पर्याय वाढले तसा गोंधळही वाढला आहे. कोणता अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे, कोणती नोंदणी विनामूल्य आहे आणि कोणते आश्वासन फसवे आहे, हे न समजल्यामुळे अनेकांचा वेळ आणि पैसा वाया जातो. या साधनांची पार्श्वभूमी, त्यांची कार्यपद्धती आणि ती वापरताना घ्यावयाची दक्षता यांचा हा संदर्भलेख.

दूरचित्रवाणीची शैक्षणिक परंपरा

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. हे माध्यम आरंभापासूनच शिक्षणाशी जोडलेले होते. १९६१ मध्ये दिल्लीतील शाळांसाठी दूरचित्रवाणीचे पाठ सुरू झाले, तर २६ जानेवारी १९६७ रोजी शेतकऱ्यांसाठी ‘कृषी दर्शन’ या कार्यक्रमाचा प्रारंभ झाला.

या परंपरेतील सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा ‘साइट’ हा उपक्रम. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया या भाषांतून शेती, आरोग्य, कुटुंबकल्याण आणि शालेय शिक्षण हे विषय हाताळण्यात आले. गावातील सामुदायिक संचासमोर बसून ग्रामस्थ हे कार्यक्रम पाहत असत.

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या केंद्रावरील ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम शेतकरी कुटुंबांत घरोघरी पोहोचला. आकाशानंद यांची निर्मिती असलेल्या ‘ज्ञानदीप’ने तर प्रेक्षकांनाच कामाला लावले. कार्यक्रम पाहून थांबू नये, पाहिलेल्या गोष्टीवर गावात काही करावे, या भूमिकेतून ठिकठिकाणी ‘ज्ञानदीप मंडळे’ स्थापन झाली. ऑनलाइन शिक्षणाच्या संदर्भात या मंडळांचे स्मरण आजही उपयुक्त आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग हा कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होऊ लागला. त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांमध्ये पुणे विद्यापीठातील केंद्राचाही समावेश होता. त्याच वर्षी शालेय कार्यक्रमांसाठी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. मराठीतून शेकडो कार्यक्रम देणारी ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. २६ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदर्शन’ ही शैक्षणिक वाहिनी सुरू झाली आणि २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी तयार केलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला.

एकतर्फी माध्यमाच्या मर्यादा

एवढी समृद्ध परंपरा असूनही दूरचित्रवाणीला काही स्वाभाविक मर्यादा होत्या. कार्यक्रमाची वेळ प्रसारक ठरवीत असे आणि प्रेक्षकाला आपले काम त्या वेळेशी जुळवून घ्यावे लागे. चुकलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय नसे. एकाच वेगाने चाललेले विवेचन कोणाला संथ वाटे, तर कोणाच्या डोक्यावरून जाई. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रेक्षकाला काय समजले आणि काय समजले नाही, हे पडद्यापलीकडच्या शिक्षकाला कळण्याचा मार्ग नव्हता. पत्राने शंका विचारता येत असे, परंतु उत्तर येईपर्यंत विषय पुढे गेलेला असे.

शिकण्याच्या प्रक्रियेवरील संशोधनातून या मर्यादेचे महत्त्व अधिक स्पष्ट झाले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने एकदा वाचल्यानंतर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनःपुन्हा वाचणारा गट सरस ठरला, मात्र आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्या गटाने अधिक मजकूर स्मरणात ठेवल्याचे आढळले. केवळ पाहणे किंवा वाचणे यातून समजल्याची भावना निर्माण होते. ज्ञान टिकते ते स्वतःची परीक्षा घेतल्यामुळे. ऑनलाइन माध्यमाचे खरे वेगळेपण येथे आहे. चित्रफीत थांबविता येते, मागे नेता येते, मध्येच प्रश्न सोडविता येतो आणि उत्तर चुकल्यास त्याच क्षणी कळते.

मुक्त अभ्यासक्रमांचा उदय

विद्यापीठातील अध्यापनसामग्री सर्वांसाठी खुली करण्याची घोषणा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजेच ‘एमआयटी’ने, एप्रिल २००१ मध्ये केली आणि पुढील वर्षी पहिले ५० अभ्यासक्रम महाजालावर ठेवले. भारतात सात आयआयटी आणि बंगळूरू येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी एकत्र येऊन २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. अभियांत्रिकी आणि विज्ञान विषयांवरील व्याख्यानांच्या चित्रफिती त्याद्वारे कोणत्याही विद्यार्थ्याला विनामूल्य पाहता येऊ लागल्या. आयआयटीत प्रवेश न मिळालेल्या, लहान शहरांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही मोठी संधी ठरली.

याच काळात एका वेगळ्या प्रयोगाची सुरुवात घरगुती स्वरूपात झाली. सलमान खान या अमेरिकास्थित वित्त विश्लेषकाने २००४ मध्ये आपल्या दूर राहणाऱ्या नात्यातील बहिणीला दूरध्वनीवरून गणित शिकविण्यास प्रारंभ केला. इतर नातेवाइकांकडूनही मागणी येऊ लागल्यावर त्यांनी २००६ पासून धड्यांच्या छोट्या चित्रफिती यूट्यूबवर ठेवल्या. त्यातूनच ‘खान अकॅडमी’ ही ना-नफा संस्था उभी राहिली.

२०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका खुल्या अभ्यासक्रमासाठी सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नोंदणी केली. त्यानंतर २०१२ मध्ये ‘कोर्सेरा’, ‘युडॅसिटी’ आणि ‘एडएक्स’ ही व्यासपीठे पुढे आली. मात्र त्याच वर्षी या पद्धतीची दुसरी बाजूही दिसून आली. एमआयटीच्या विद्युत मंडलांवरील पहिल्या खुल्या अभ्यासक्रमासाठी सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नावे नोंदविली. त्यांपैकी अखेर उत्तीर्ण झाले ते सुमारे ७ हजार. नोंदणी करण्यास काही क्षण लागतात, परंतु अभ्यासक्रम पूर्ण करण्यास चिकाटी लागते, हा धडा आजही प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

चित्रफितीच्या लांबीलाही महत्त्व आहे. एडएक्सवरील चित्रफिती ६९ लाख वेळा पाहिल्या गेल्याच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध करण्यात आला. सहा मिनिटांपेक्षा लहान चित्रफिती सर्वाधिक लक्षपूर्वक पाहिल्या जातात, असे त्यात आढळले. तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे महाजालावर ठेवले तर ते दूरचित्रवाणीचाच दुसरा अवतार ठरते.

‘स्वयम्’ : राष्ट्रीय व्यासपीठ

केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू करण्यात आले. शालेय स्तरापासून पदव्युत्तर स्तरापर्यंतचे अभ्यासक्रम त्यावर उपलब्ध आहेत. अभियांत्रिकीसाठी एनपीटीईएल, शालेय शिक्षणासाठी एनसीईआरटी आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, दूरशिक्षणासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, तर व्यवस्थापनासाठी बंगळूरू येथील भारतीय व्यवस्थापन संस्था अशा राष्ट्रीय समन्वयक संस्था नेमण्यात आल्या आहेत.

स्वयम्‌वरील प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात. व्याख्यानांच्या चित्रफिती, वाचनासाठी मजकूर, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंकानिरसनासाठी चर्चापीठ. अभ्यासक्रम शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र शुल्क भरून निश्चित केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमात साप्ताहिक स्वाध्यायांना २५, तर अंतिम परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी दोन्हींमध्ये स्वतंत्रपणे किमान गुण मिळविणे आवश्यक असते. त्यामुळे केवळ चित्रफिती पाहून प्रमाणपत्र मिळत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम्‌वरील अभ्यासक्रमांतून मिळविण्याची परवानगी विद्यापीठे देऊ शकतात. आपल्या महाविद्यालयाने ही तरतूद स्वीकारली आहे किंवा नाही, याची खात्री विद्यार्थ्यांनी नोंदणीपूर्वी करून घेणे इष्ट ठरते.

ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट नाही त्यांच्यासाठी ‘स्वयम्प्रभा’ हा शैक्षणिक वाहिन्यांचा समूह त्याच दिवशी, ३२ वाहिन्यांसह, सुरू करण्यात आला. गांधीनगर येथून जीसॅट-१५ उपग्रहाद्वारे या वाहिन्यांचे प्रसारण होते. दररोज किमान चार तासांचे नवे कार्यक्रम आणि दिवसभरात त्यांचे पाच वेळा पुनःप्रसारण, अशी त्याची मूळ रचना आहे. वेळेच्या बंधनाची जुनी अडचण त्यामुळे सौम्य झाली. करोना महासाथीच्या काळात, मे २०२० मध्ये, ‘पीएम ई-विद्या’ कार्यक्रमांतर्गत प्रत्येक इयत्तेसाठी स्वतंत्र वाहिनीची घोषणा करण्यात आली. दूरचित्रवाणी आणि इंटरनेट ही परस्परांची प्रतिस्पर्धी नसून पूरक माध्यमे आहेत, हे या उपक्रमांतून दिसून येते. प्रसार भारतीनेही २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे स्वतःचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले असून दूरदर्शनच्या संग्रहातील जुने कार्यक्रम त्यावर पाहता येतात.

मराठीतून काय उपलब्ध आहे?

ऑनलाइन ज्ञानाचा मोठा भाग इंग्रजीत आहे, ही मराठी माध्यमातून शिकलेल्यांची प्रमुख अडचण आहे. तथापि काही उपक्रमांनी ही उणीव अंशतः भरून काढली आहे.

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प त्यांत अग्रभागी आहे. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र पाठ तयार करण्यात आले असून मराठीसह २२ भारतीय भाषांत त्यांचे निवेदन उपलब्ध करण्यात येते. लेखन व हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिबरऑफिस, चित्रसंपादनासाठी गिंप यांसारख्या विनामूल्य संगणकप्रणाली त्यातून शिकता येतात. संगणकाच्या पडद्यावर एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष प्रणाली उघडून, शिक्षक करतो तीच कृती त्याच वेळी करून पाहायची, अशी ही पद्धत आहे. पडद्यावरील मजकूर इंग्रजीत असला तरी निवेदन मराठीत असल्याने विद्यार्थ्याला मूळ प्रणालीशीही परिचय होतो. आरोग्य आणि माता-बालक पोषण या विषयांवरील पाठही या प्रकल्पाने तयार केले आहेत.

शिक्षक आणि शालेय विद्यार्थ्यांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावर मराठी सामग्री आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने टिपल्यास त्या धड्याशी संबंधित चित्रफीत उघडते. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि मराठी विश्वकोशाचे खंड महाजालावर विनामूल्य वाचता येतात. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून शिक्षणाच्या प्रवाहाबाहेर राहिलेल्यांना मराठीतून पदवीपर्यंत पोहोचण्याची संधी देत आहे. एनपीटीईएलच्या निवडक अभ्यासक्रमांचे मजकूर मराठीत अनुवादित झाले आहेत. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेला केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम भारतीय भाषांतील यांत्रिक भाषांतर व ध्वनिलेखनाची साधने पुरवितो.

इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या साधनांचे महत्त्व अधिक आहे. राज्याच्या सीमेबाहेर मराठी शाळा आणि ग्रंथालये मोजकीच आहेत. महाजालाला अशी सीमा नाही.

उद्योजकता : शिकण्यापासून विक्रीपर्यंत

उद्योजकतेच्या प्रशिक्षणासाठी अहमदाबाद येथील भारतीय उद्योजकता विकास संस्था १९८३ पासून, तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून कार्यरत आहे. प्रत्यक्ष वर्गांना येऊ न शकणाऱ्यांसाठी आता ऑनलाइन मार्गही खुले आहेत. १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘स्टार्टअप इंडिया’ उपक्रमाच्या संकेतस्थळावर नवउद्योजकांसाठी विनामूल्य शिक्षणक्रम आहे. हिशेब, विपणन, ग्राहकवर्तन आणि व्यवसायाचे नियोजन या विषयांचे अभ्यासक्रम स्वयम्‌वरही आढळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘स्किल इंडिया डिजिटल’ हे कौशल्य प्रशिक्षणाचे एकत्रित व्यासपीठ सुरू झाले.

शेतीच्या क्षेत्रात ‘डिजिटल ग्रीन’चा अनुभव बोलका आहे. २००६ मध्ये बंगळूरू येथील एका संशोधन प्रकल्पातून त्याचा आरंभ झाला. तज्ज्ञाचे व्याख्यान दाखविण्याऐवजी परिसरातील शेतकऱ्यालाच कॅमेऱ्यासमोर उभे करायचे आणि ती चित्रफीत गावातील गटाला छोट्या प्रक्षेपकावर दाखवायची. मध्येच थांबून एक मार्गदर्शक शंका विचारतो आणि पुढच्या वेळी कोणी काय करून पाहिले याची नोंद घेतो. आपल्यासारखाच माणूस आपल्या बोलीत सांगतो तेव्हा प्रेक्षक ते करून पाहण्यास तयार होतो, हे या प्रयोगाचे मर्म आहे.

शिकल्यानंतरचा टप्पा व्यवसायाच्या नोंदणीचा. त्यासाठी पुढील बाबी जाणून घेणे आवश्यक आहे.

उद्यम नोंदणी : १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नोंदणी ‘उद्यम’ या संकेतस्थळावर होते. ही नोंदणी पूर्णतः विनामूल्य असून ती स्वयंघोषणेच्या आधारे होते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निकषांनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. घरगुती मसाले, शिवणकाम, दुरुस्ती केंद्र यांसारखे बहुतेक व्यवसाय याच वर्गात मोडतात.

भांडवल : ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. तरुण गटातील कर्ज फेडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून ‘तरुण प्लस’ हा २० लाख रुपयांपर्यंतचा गट जोडण्यात आला आहे. जून २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘जनसमर्थ’ संकेतस्थळावर विविध कर्जयोजनांसाठी एकत्रित अर्ज करता येतो.

बाजारपेठ : शासकीय कार्यालयांना माल पुरविण्यासाठी २०१६ मध्ये ‘जेम’ ही ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली. लहान विक्रेत्यांना मोठ्या कंपन्यांच्या व्यासपीठांवर अवलंबून राहावे लागू नये, या हेतूने ‘ओएनडीसी’ हे खुले जाळे उभारण्यात आले आहे.

कर आणि परवाने : एकाच राज्यात मालाची विक्री करणाऱ्या आणि उलाढालीच्या मर्यादेखाली असलेल्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर वस्तू व सेवा कराच्या नियमित नोंदणीशिवाय ऑनलाइन व्यासपीठावरून विक्रीची मुभा देण्यात आली आहे. मात्र खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना, व्यवसाय घरातून चालत असला तरी, अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे.

फसव्या आश्वासनांपासून सावध

शिकण्याची आणि कमावण्याची ओढ जेथे असते, तेथे तिचा गैरफायदा घेणारेही असतात. ‘तीस दिवसांत लखपती’, ‘घरबसल्या निश्चित उत्पन्न’, ‘पदवीशिवाय खात्रीची नोकरी’ अशा घोषणा करणाऱ्या चित्रफितींचा इंटरनेटवर सुळसुळाट आहे. त्यांतील अनेकांचा खरा व्यवसाय एकच असतो, तो म्हणजे महागडा अभ्यासक्रम विकण्याचा. या संदर्भात काही कायदेशीर तरतुदी झाल्या आहेत.

दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. मोबदला घेऊन वस्तूची किंवा सेवेची शिफारस करणाऱ्या समाजमाध्यमांवरील व्यक्तींनी तसे स्पष्टपणे नमूद करणे अपेक्षित आहे. शिकवणी वर्गांनी यशाची किंवा नोकरीची खोटी हमी देण्यास प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ मधील मार्गदर्शक तत्त्वांन्वये मनाई आहे. नवे सदस्य जोडण्यावरच मोबदला देणाऱ्या साखळी योजनांवर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी घातली आहे. शेअर बाजाराचे शिक्षण देण्याच्या नावाखाली प्रत्यक्षात खरेदी-विक्रीचे सल्ले देण्याचे प्रकार रोखण्यासाठी ‘सेबी’ने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढले. केवळ शिक्षण देणाऱ्यांनी मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरू नयेत, असे त्यात स्पष्ट करण्यात आले.

ऑनलाइन पदवीबाबतही दक्षता आवश्यक आहे. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि मान्यताप्राप्त संस्थांनाच आहे. खासगी कंपनीचे प्रमाणपत्र कौशल्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते, परंतु ते पदवीला पर्याय नाही. अभ्यासक्रमाला ऑनलाइन पद्धतीने चालविण्याची मान्यता आहे का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येते.

उद्यम नोंदणीच्या बाबतीत तर नामसाधर्म्य असलेली खासगी संकेतस्थळे विनामूल्य सेवेसाठी शुल्क आकारताना आढळतात. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी संपतो, एवढे पाहिले तरी बहुतांश फसवणूक टळू शकते. ग्राहक म्हणून तक्रार असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीशी, तर ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकाशी संपर्क साधावा. फसवणुकीची माहिती जितक्या लवकर दिली जाईल, तितकी रक्कम रोखून धरण्याची शक्यता वाढते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते आणि शिकण्यासाठी उघडलेला भ्रमणध्वनी मनोरंजनाच्या अखंड प्रवाहात ओढून नेतो. प्रेरणादायी भाषणे तासन्‌तास ऐकल्याने काही केल्याचे समाधान मिळते, पण हाती कौशल्य येत नाही. अशा वेळी प्रेक्षक दूरचित्रवाणीसमोर होता त्यापेक्षाही निष्क्रिय होतो. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाला निदान शेवट असे.

सर्वांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न

ऑनलाइन पर्यायांची चर्चा करताना ते कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न टाळता येत नाही. २०१९ ते २१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७ टक्के होते, तर महिलांचे ३३ टक्के. स्वतः वापरता येईल असा भ्रमणध्वनी ५४ टक्के महिलांकडे होता. त्यानंतर इंटरनेटचा प्रसार वाढला आहे, तरीही घरातील एकमेव स्मार्टफोन कोणाच्या हाती असतो, यावर घरातील मुलीचे किंवा गृहिणीचे शिक्षण आजही अवलंबून असते. दूरचित्रवाणीचा संच निदान घराच्या मधल्या खोलीत, सर्वांसमोर असे. म्हणूनच बचत गट, वाचनालये आणि ग्रामपंचायतींच्या सामायिक सेवा केंद्रांतून एकत्र शिकण्याची सोय होणे गरजेचे आहे.

अभ्यासक्रम निवडताना

ऑनलाइन माध्यमाचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्यांनी पुढील पाच गोष्टी पाळल्यास श्रम वाया जाण्याचा संभव कमी होतो.

१. उद्दिष्ट एका वाक्यात लिहावे. ‘संगणक शिकणे’ हे उद्दिष्ट मोघम आहे. ‘दुकानाचा महिन्याचा हिशेब तक्त्यात मांडता येणे’ हे नेमके आहे.

२. एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्यावा आणि तो पूर्ण होईपर्यंत दुसऱ्यासाठी नाव नोंदवू नये.

३. प्रत्येक चित्रफितीनंतर ती बंद करून मुख्य मुद्दे स्वतःच्या शब्दांत लिहावेत व दिलेली कृती त्याच दिवशी करून पाहावी.

४. पैसे भरण्यापूर्वी तोच विषय स्वयम्, स्पोकन ट्युटोरियल किंवा अन्य विनामूल्य व्यासपीठावर आहे का, हे पाहावे. शुल्क परत मिळण्याच्या अटी लेखी स्वरूपात वाचाव्यात.

५. शक्यतो एकट्याने न शिकता तीन-चार जणांचा गट करावा. आठवड्यातून एकदा भेटून कोणी काय केले, हे परस्परांना सांगावे.

यातील पाचवी सूचना नवी नाही. ज्ञानदीप मंडळांनी तीच वाट दाखविली होती. पडदा लहान झाला, हातात आला आणि बोलल्यास उत्तरही देऊ लागला. तरीही पाहिलेले आचरणात आणण्यासाठी शेजारी बसलेल्या सोबत्याची गरज संपलेली नाही. माध्यम कोणतेही असो, शिक्षणाची किंवा व्यवसायाची खरी सुरुवात पडदा बंद केल्यानंतर होते.